कंपाउंडरचं घड्याळ

सोलापूर,
रविवार, ४ डिसेंबर १९७७

प्रिय रामहरी,

तुझं कार्ड पोचलं. सगळं कार्ड डोळ्याच्या ऑपरेशनच्या हकिगतीनं भरलंस आणि पत्त्याशेजारी उरलेल्या बोटभर जागेत मला काम सांगितलंस. हकिगत अशी, की दिवाळीआधी मिरजेला जाऊन डोळा करून आलो, आता स्वच्छ दिसतं, महिपती कंपाउंडर सोबत होता, काळजी नसावी. काम असं, की त्या महिपतीला भेट द्यायला एक चांगलं ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ सोलापुरात बघून ठेव, फार महाग नको पण हलकंही नको, तुला यंत्रातलं कळतं, स्वतःसाठी घेतोस असं समजून घे, मी ८ तारखेला गुरुवारी सकाळच्या गाडीनं मुक्कामाला येतो, तेव्हा घेऊन जाईन. वाचून झाल्यावर मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, माझ्यासाठी आणखी कुठं काही लिहिलंय का. नव्हतं.

काळजी नसावी म्हणे. अरे, डोळा होऊन महिना झाल्यावर काळजी कुठून असणार? लग्न लागून वऱ्हाड घरी गेल्यावर पत्रिका आल्यासारखं झालं. मंगळवेढ्याहून मिरजेला जाताना सोलापूर वाटेत लागत नाही, एवढा भूगोल मलाही येतो. पण पोस्टाची पेटी तर तुझ्या दारात आहे. तू लिहिलंस की डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या, मान हलवायची नाही अशी डॉक्टरची ताकीद होती, आणि महिपती उशाशी बसून चमच्यानं पेज भरवायचा, रोज चार वेळा डोळ्यात थेंब घालायचा. भरवायला हात मलाही आहेत की. तुझा टायफॉईड तू विसरलास वाटतं. बाळीवेशीतल्या त्या खोलीत तुला मी भरवलं तेव्हा मला कुणी कंपाउंडर म्हणालं नव्हतं, आणि त्याबद्दल तू मला साधा कंगवासुद्धा दिला नाहीस. मला नकोच होता म्हणा. आपल्यात देणंघेणं कधी होतं? तू पाळीवरून यायचास आणि मी निघायचो, आणि जाताना तुझ्या वहाणा घालून जायचो. तुझ्या पाठीनं गरम केलेल्या सतरंजीवर मी झोपायचो, माझ्या पाठीनं गरम केलेल्यावर तू. मिलमधली ती बारा वर्षं मला घड्याळ लागलं नाही. भोंगा झाला की ऊठ, भोंगा झाला की जेव, आणि तू दारात दिसलास की माझी पाळी.

असो. तू काम सांगितलंस, मी केलं. ते कसं केलं हे तुला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो. अक्षरं मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, त्यामुळं माझी ओळ लवकर भरते आणि कागद जास्त लागतो. तेवढं सोसून घे.

घरातून निघताना शांतम्मानं माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "घड्याळ आणायला निघालाय का त्या कंपाउंडरचे दिवस घालायला?" मी वहाणा अडकवल्या. चाटी गल्लीत शिवलिंगप्पाचं दुकान आहे, तिथं गेलो. माणूस सरळ आहे, डोळ्याला भिंग लावून बसलेला असतो, तू समोर उभा राहिलास तरी आधी घड्याळाकडं बघतो मग तुझ्याकडं. त्याला म्हटलं, ऑटोमॅटिक दाखवा. त्यानं आधी मला समजावून सांगितलं. आपल्या नेहमीच्या घड्याळाला सकाळी चावी द्यावी लागते. ह्याच्या पोटात अर्ध्या चंद्रासारखं एक वजन बसवलेलं असतं, घालणाऱ्याचा हात हलला की ते गरगरतं आणि तेच आतल्या आत चावी देतं. मग कळलं, तू ऑटोमॅटिकच का मागितलंस ते. तुझ्या कार्डात होतंच की, महिपतीला चावी द्यायचं ध्यानात राहत नाही. रामहरी, खरं सांग, ज्याला स्वतःच्या घड्याळाची चावी आठवत नाही, त्याला तुझे चार वेळचे थेंब बरे आठवले?

मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. त्या दिवशी मनात पाप आलं. काचेच्या पेटीत एक पिवळंधमक घड्याळ होतं, तबकडीवर लाल आकडे, नवरदेवाच्या मुंडावळीसारखं चमकणारं. शिवलिंगप्पा म्हणाला, ह्याला हात लावू नका, वरचा मुलामा उन्हाळ्यातल्या दोन घामांत जाईल आणि आतलं यंत्र त्याच्याही आधी. मला वाटलं, हेच ते. हेच महिपतीच्या हातात शोभेल. मी पैसे काढायला खिशात हात घातलासुद्धा. मग मनात आलं, हे बंद पडल्यावर महिपती कुणाला हसेल? मला तो ओळखतही नाही. तो म्हणेल, रामहरीनं फसवलं. तुझी लाज मला विकत घ्यायची नव्हती, म्हणून हात परत काढला.

मग मात्र मनापासून बघितलं. जपानी होती, दिसायला देखणी, पण बाहेरून चोरून आलेला माल, त्याला ना पावती ना सुटे भाग. एखादी कळ मोडली तर मुंबईला धाडा आणि तोंड वर करून वाट बघा. स्विस होती ती आपल्या ऐपतीच्या वरची, आणि जी ऐपतीतली होती ती नावाचीच स्विस. काही दुकानदार किती ज्वेल, किती ज्वेल असं ओरडून विकतात, जणू बाईच्या नथीतले मोतीच. शिवलिंगप्पा म्हणाला, ज्वेल म्हणजे चाकांच्या टोकाखालचे खडे, झीज होऊ नये म्हणून. गरजेपुरते असले की बास, बाकी नुसती वाजंत्री. शेवटी आपल्या देशातलं एच.एम.टी. निवडलं. एकवीस ज्वेल, स्टीलची केस, पांढरी तबकडी, काळे काटे, वार आणि तारीख दाखवणारं. सेकंदाचा काटा लांब घेतला. कंपाउंडर माणूस, कुणाची नाडी बघायची तर त्याला सोयीचं पडेल. बघ, त्याचं एवढं बघितलं मी. पट्टा चामड्याचा नको म्हटलं, आपल्याकडच्या घामानं वास मारतो. स्टीलची साखळी घेतली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हे बिघडलं तर सोलापुरातला कुठलाही कारागीर उघडून दुरुस्त करू शकतो. जे आपल्या गावात दुरुस्त होतं तेच घ्यावं, असं माझं आपलं मत. माणसाचंही तेच.

पण नवीन घड्याळ लगेच द्यायचं नसतं. शिवलिंगप्पानं सांगितलं, आठ दिवस तुम्ही हातावर घाला, रोज रेडिओशी ताडून बघा, पुढं पळतं का मागं राहतं ते सांगा, मग मी आतला काटा सरकवून देतो. ऑटोमॅटिक नुसतं खुंटीला टांगून कळत नाही म्हणे, ते माणसाच्या हातावरच कळतं. आता बघ नशीब. ज्याचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडते, त्याचं घड्याळ माझ्याच मनगटावर. शांतम्मा म्हणाली, सवतीचं लेकरू कडेवर घेतल्यासारखं तोंड करू नका.

पहिल्या दिवशी मी ओट्यावर बसून पेपर वाचला, दुपारी लवंडलो, संध्याकाळी परत ओट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर घड्याळ बंद. रामहरी, मला एवढा आनंद झाला की तोंड न धुताच चाटी गल्लीत गेलो. म्हटलं, बिघडलेलं दिलंस. शिवलिंगप्पानं ते कानाशी धरलं, दोन हिसके दिले, ते चालू झालं. मग भिंग काढून पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत म्हणाला, "अण्णा, घड्याळ चांगलंय. तुम्ही बंद पडलाय."

बोलला ते बरोबर होतं. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याला जायचो, तिथं कट्ट्यावर आपल्या मिलची जुनी मंडळी बसतात. पण गेल्या संक्रांतीच्या गड्ड्यापासून मी जाणं सोडलं होतं, ते तुला कळवलं नव्हतं. कारण तूच आहेस. दर वर्षी तू गड्ड्याच्या जत्रेला येतोस, नव्या ज्वारीचं गाठोडं आणतोस, दोघं मिळून जत्रा फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक. गेल्या खेपेला तू आला नाहीस. मागून कळलं की तू महिपतीबरोबर त्याच्या बहिणीकडं करमाळ्याला गेला होतास. मला तू निरोप धाडला नव्हतास, त्यामुळं मी तीन दिवस मंगळवेढ्याच्या प्रत्येक गाडीला स्टँडवर जाऊन उभा. त्या कोंडीबानं ते बघितलं. विणखात्यातला कोंडीबा रे, ज्याच्या जिभेला दाढीच्या वस्तऱ्यापेक्षा धार. चारचौघांत म्हणाला, "काय गुरुलिंग, पाव्हणा वाट चुकला का दुसऱ्याच दारात गेला?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

आता घड्याळ चालतं ठेवायचं तर हात हलायला हवा, आणि हात हलायचा तर पाय हलायला हवेत. ओट्यावर बसून नुसता हात हलवला तर शेजारी म्हणतील, म्हाताऱ्याला वारं भरलं. म्हणून परत तळ्याला जायला लागलो. सदरा कोपरापर्यंत दुमडून, पलटणीतल्या शिपायासारखा हात झुलवत. त्या महिपतीच्या घड्याळाचं पोट भरायला मी माझे गुडघे झिजवले, हे त्याला सांग. घड्याळ उत्तम चालतंय. थोडं पुढं पळायचं, ते शिवलिंगप्पानं काल जागेवर आणलं. तुला त्यात नाव ठेवायला जागा मिळणार नाही.

मला मात्र एक गोष्ट छळते. तू लिहिलंस, स्वतःसाठी घेतोस असं समजून घे. मी तसंच घेतलं, म्हणून तर ते असं उतरलं. तबकडीवरचा पांढरा रंग मला आवडतो. साखळीची कडी लावताना होणारा टक आवाज आवडतो. झोपताना काढून उशाशी ठेवलं की वाटतं, हे तिकडं मंगळवेढ्यात एका अशा माणसाच्या हातावर जाणार, ज्यानं तुझ्याबरोबर एक ढेकूणसुद्धा मारलेला नाही. डोळा तुझा त्यानं सांभाळला, मान्य. चांगलं केलं त्यानं, देव त्याचं भलं करो, मी काही राक्षस नाही. पण तू मान न हलवता पडला होतास आणि मी इथं ओट्यावर बसून पेपरातली भविष्यं वाचत होतो, हे मनातून जात नाही. एक कार्ड टाकलं असतंस तर दुसऱ्या बाजूला मी बसलो असतो. उशाला दोन बाजू असतात की नाही?

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते लिहितो. तू गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं येतोस आणि रात्री मुक्काम करतोस, असं लिहिलंस. मी न्यायला आलो की तू म्हणशील, चल, कट्ट्यावर जुन्या मंडळींना भेटू. तर असं झालंय, की परत तळ्याला गेलो त्या पहिल्याच दिवशी कोंडीबानं माझं मनगट धरलं. उलटंसुलटं बघितलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, कुणी दिलं. शिवलिंगप्पाचं नाव, तुझं कार्ड, आठ दिवसांची तपासणी, सगळं सांगायला तोंड उघडलं होतं. तोंडातून निघालं, "रामहरीनं दिलं." कोंडीबा गप्प बसला. बघ, कोंडीबा गप्प बसला. मग म्हणाला, दोस्त असावा तर असा, आणि सगळ्यांनी एकेकदा हातात घेऊन बघितलं. आता गुरुवारी ते तुला चहा पाजणार आहेत. गुरुलिंगला घड्याळ दिलंस ते लई चांगलं केलंस, असं कोंडीबा तुला सगळ्यांसमोर म्हणणार आहे, पाठ करून बसलाय. घड्याळ तू घेऊन जा, ते महिपतीचंच आहे, डबीत घालून पावतीसकट तयार ठेवतो. नंतर कुणी विचारलं तर मी सांगेन, रोज वापरायला जीव होत नाही, पेटीत ठेवलंय. तुला खोटं बोलायला सांगत नाही. कोंडीबा बोलला की तू फक्त एकदा मान हलव. हलवलेली चालते का ते हवं तर त्या कंपाउंडरला विचारून ये.

तुझाच, सतरंजीच्या दुसऱ्या पाळीचा,
गुरुलिंग