शाळेला कुलूप

रत्नागिरी, ऑक्टोबर २००९. मतदानाची संध्याकाळ.

शेजारच्या काकूंच्या बोटाला शाई नाही.

गावाच्या इंटरनेटवरच्या ग्रुपवर काय राहील, काय जाईल, ते मी ठरवतो. परवा दिलीपने तिथे टाकलं, 'शाळेची कौलं उतरवलीत, मतदान वरच्या वाडीत.' दिलीप विरोधी पार्टीचा. मला वाटलं, मतदारांना घोळात घालतोय, हा तर गुन्हा. मी ते उडवलं आणि वर ठणकावून लिहिलं, 'अफवा आहे. मतदान शाळेतच.' तहसीलला एक फोन केला असता तर? पण त्याचं नाव बघूनच डोकं फिरलं.

आमच्या गावची बातमी मुंबईला जाऊन परत येते. काकूंच्या मुलाने तिकडे माझं वाचलं आणि आईला फोन केला.

मघाशी काकू ओटीवर टेकल्या. "सकाळीच गेल्ये रे शाळेत, तर कुलूप! वरच्या वाडीचा चढ आता झेपतोय कुठे? आल्ये परत."

चहा दिला. कपाभोवतीचं ते कोरं बोट बघवेना.

"दिलीपने सांगितलंन होतं मला," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, तू लिहिलंयस म्हणजे खरंच असणार."