एकोणीसच्या घरातली सुपारी

अण्णा, एकोणीसची पेनी मिळाली. के एन वाली. तुम्ही भिंगातून शोधायचात तिथेच, सालाच्या डाव्या अंगाला, ती दोन बारीक अक्षरं आहेत. मी तुमच्याच भिंगातून बघितली, खिडकीपाशी उन्हात नेऊन दोनदा बघितली, मग ह्यांना बोलावून दाखवली, आणि मग लक्षात आलं की ज्यांना सांगायला हवं ती दोन माणसं, तुम्ही आणि आई, घरात नाहीत. म्हणून लिहायला बसले. कागद जुन्या कॅलेंडरची पानं आहेत. मागची बाजू कोरी असली की अजून टाकवत नाही मला, ते तुमच्याकडूनच आलेलं आहे.

उरणचं आपलं घर, आणि तुम्ही मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला गोदीत जायचात, ते मला आता वासावरून आठवतं. संध्याकाळी तुमच्या शर्टाला डिझेल आणि सुक्या मासळीचा वास असायचा, आणि खिसा एका बाजूला खाली ओढलेला असला की मी ओळखायची, आज बोट इंग्लंडची होती. इंग्रजांनी त्यांचं जुनं नाणं बंद केलं तेव्हा खलाशी तुम्हाला मुठीमुठीने पेन्या द्यायचे. त्यांच्या देशात त्याची चणे-फुटाण्याइतकीही किंमत उरली नव्हती. आई म्हणायची, "आली गोऱ्यांची चिल्लर! साहेबांनी टाकून दिलेलं आमचे साहेब उचलून आणतात." तुम्ही कपडे बदलून, हात धुऊन, ओटीवर पंचा पसरायचात आणि एकेक पेनी कडेने धरून ठेवायचात. "कडेने धर, बाय. पोटाला बोट लावू नको तिच्या." माझं पहिलं शिक्षण हेच. मॅट्रिक नंतर झाले.

तुमचा ट्रे माझ्यासमोर उघडा आहे. गोदीतल्या खोक्यांच्या फळ्या आणून सुताराकडून पाडून घेतलेली गोल घरं, आईच्या विटलेल्या मखमली पोलक्याचं अस्तर, आणि प्रत्येक घराखाली तुमच्या अक्षरातलं साल, एकोणीसशे गाळून. दाढीवाल्या राजाच्या साऱ्या पेन्या, त्याच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत. काही वर्षी लंडनला पेन्या पुरेशा पडल्या नाहीत म्हणून बाहेरच्या टांकसाळींतून पाडून घेतल्या, त्यांच्यावर ही छोटी अक्षरं, आणि त्यांना तुम्ही वेगळी घरं केली होती. तेहेतीसचं घर मात्र केलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, "तसल्या सगळ्या मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ती कुणाला मिळत नाही. तिच्यासाठी घर कशाला अडवायचं? एकोणीसची मिळते. उशिरा, पण मिळते." तुम्ही असं बोलायचात की जणू पेनी नव्हे, माहेरी येणारी लेक आहे.

अठराची के एन कशी मिळाली ते मी सूनबाईला इतक्या वेळा सांगितलंय की तीच आता मला आठवण करून देते, "आई, कोळणीचं सांगा ना." मोऱ्याच्या धक्क्यावर एक कोळीण मासळी तोलायची. तिच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं, म्हणून तिने त्याला पासंग म्हणून खालून एक जाड तांब्याचं नाणं बांधलेलं. तुम्ही बोंबील घ्यायला वाकलात आणि वाकलेलेच राहिलात. मी तुमचं बोट धरून उभी. तुम्ही ते नाणं मागितलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घे रं दादा, मना काय त्याचा? पन पासंग हालला तर गिऱ्हाईक मना चोर बोलंल. माजा तराजू खरा हाय." तुम्ही खिशातून दुसऱ्या सालाची पेनी काढलीत, तिच्यासमोर दोन्ही पारड्यांत दोन नाणी घालून काटा दाखवलात, आणि स्वतःच्या हाताने नवा पासंग बांधून दिलात. ती हसत सुटली. "येडा हाय तुजा बापूस," मला म्हणाली, "सारक्याला सारकी देऊन नाचतंय." बोंबील तिथेच राहिले. आईने घरी आल्यावर रिकामी पिशवी उलटी करून दाखवली आणि विचारलं, "ह्याचं कालवण करू का?"

आईला त्या पेन्यांचा राग नव्हता, अण्णा, हे तुम्हाला माहीत होतं की नाही कोण जाणे. तिचं भांडण निराळंच होतं. पेनीच्या मागच्या बाजूला ती बसलेली बाई, एका हातात त्रिशूळ, बाजूला ढाल. तुम्ही कितीदा सांगितलंत की ती इंग्रजांच्या देशाचं चित्र आहे, ब्रिटानिया तिचं नाव. आई म्हणायची, "त्रिशूळ आहे, ढाल आहे, पाय आवळून बसलीय. देवी नाही तर काय कारकून आहे? आणि इतक्या देवी घरात, एकीच्या कपाळाला कुंकू नाही." तुम्ही पेन्यांना हळदकुंकू लावू द्यायचा नाहीत. ओलं हळदकुंकू तांब्याला डाग पाडतं म्हणून. त्यावर आईचं ठरलेलं, "डाग पडेल म्हणून कपाळ कोरडं ठेवायचं? काय बाई एकेक."

एका दिवाळीला मी तुमच्या मागे बाराची पेनी चिंच आणि राखेने घासली. घरातली समई, तांब्या, घंगाळ सगळं घासायला काढलं होतं, मला वाटलं हिलाही सणाला उजळवावी. लखलखीत झाली, गुलाबी. मी धावत तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही ओरडला नाहीत. पेनी हातात घेऊन बराच वेळ बघितलीत आणि म्हणालात, "तू तिचं वय पुसलंस, बाय." एवढंच. मला मार चालला असता. मग तिला तिच्या घरात ठेवलीत आणि त्याच संध्याकाळी, मी कोपऱ्यात रडून बसलेली बघून, लक्ष्मीपूजनाला अख्खा ट्रे देवापुढे मांडायला आईला परवानगी दिलीत. अट एकच, हळदकुंकू नाही, पाणी नाही. फुलं आजूबाजूला.

आई ताम्हण सजवत होती. नवग्रहांच्या सुपाऱ्या तांदळावर मांडून झाल्या होत्या. जो देव घरात मूर्तीने नाही, त्याच्या नावाने सुपारी बसवायची, हे मला तेवढं कळत होतं. मी ट्रेमधलं रिकामं घर बघितलं आणि विचारलं, "अण्णा, इथली देवी आली नाही. सुपारी मांडू?"

तुम्ही हसलात. मी तुम्हाला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही. पोट धरून, डोळ्यांत पाणी येऊन, शेवटी खोकला लागला आणि आईने पाण्याचं भांडं पुढे केलं. पण आई मात्र हसली नाही. तिने बटव्यातून नीट बघून एक न किडलेली सुपारी काढली, एकोणीसच्या घरात चिमूटभर तांदूळ घातले आणि त्यावर सुपारी बसवली. हात जोडून म्हणाली, "ती येईपर्यंत ही." त्यानंतर तुम्ही दर रविवारी ट्रे पुसलात, पेन्या फिरवल्यात, पण ती सुपारी हलवली नाहीत. गोदीतले तुमचे मित्र आले की मुद्दाम ट्रे दाखवायचात. कुणी विचारलंच, "आणि ही सुपारी?" की चेहरा न हलवता सांगायचात, "ती एकोणीसची के एन. जरा झिजलीय."

माझ्या लग्नात ट्रे मला दिलात तेव्हा भाऊ जरा खट्टू झाला होता. तुम्ही त्याला म्हणालात, "हिचा हिशोब जुळल्याशिवाय ही जेवत नाही. ही काही अर्धं ठेवायची नाही." मी पाया पडताना म्हटलं, "अण्णा, एकोणीसची मी आणीन." ते सगळं आयुष्य माझ्या डोक्यावर होतं. तुम्ही गेलात, आई गेली, उरणचं घर गेलं, आम्ही नवीन पनवेलच्या ह्या फ्लॅटमध्ये आलो, आणि प्रत्येक वेळी ट्रे मी मांडीवर घेऊन आले, सुपारीसकट. जुन्या नाण्यांची प्रदर्शनं भरायची तिथे जाऊन विचारायची. दुकानदार आधी माझ्या साडीकडे बघायचे, मग म्हणायचे, "मावशी, व्हिक्टोरियाचा रुपया दाखवू? देव्हाऱ्यात ठेवायला चांगला." पेनी म्हटलं की हात झटकायचे.

यंदा सूनबाईने फोनवर शोधून काढली. मुंबईतला एक लिलाव, घरबसल्या बोली लावता येणारा. माझी भिशी लागली होती. हातोडा आपटल्यावर वरून कमिशन आणि कर लागतो हे मी आधीच विचारून ठेवलं आणि आपली शेवटची बोली कुठवर ते ठरवलं. फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला. आधी सोन्याच्या मोहरा, मग चांदीचे क्राउन, आमच्या पेनीची पाळी येईपर्यंत कुकर उतरला आणि मी पोळ्या लाटायला घेतल्या. एकदम सूनबाई ओरडली, "आई, आली!" मी फोनपुढे हात वर केला.

"आई, त्यांना हात दिसत नाही! बटण दाबा!"

बोटाला पीठ, बटण काही दबेना. तिकडून कुणीतरी बोली वाढवली. मी पदराला बोट पुसलं आणि देवाचं नाव घेऊन दाबलं. तो माणूस आणखी एकदा वाढला, मीही. माझ्या मर्यादेच्या अगदी काठावर. मग तो थांबला. हातोडा वाजला आणि तव्यावरची पोळी जळाली. हे बाहेरून म्हणाले, "किती महागाची पोळी झाली?"

पेनी घरी आली ती पेटीत. हल्ली नाणी तपासायला पाठवतात, अण्णा. तिथले लोक नाणं खरं का, घासलेलं का, किती झिजलंय ते बघून मार्क देतात आणि जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या पेटीत कायमचं बंद करतात. वर चिठ्ठी. आपल्या पेनीला सत्तरपैकी पंचावन्न, आणि पुढे बी एन, म्हणजे तपकिरी. कुणी चिंच न लावलेली. ह्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा हुशार निघाली." सगळं छान. पण ती पेटी काही तुमच्या ट्रेच्या घरात बसेना. कशी बसणार?

मी म्हटलं, फोडते.

सूनबाई घाबरली. "आई, फोडलीत की मार्क गेले! मग तिला कोण विचारणार?" हे तर खुर्चीतून उठले. "दुधाची पिशवी कापून, धुऊन ते पाणी चहात घालणारी बाई तू, आणि हे फोडणार?" मी म्हटलं, "विकायचंय कुणाला?" आणि तुमचा अडकित्ता आणला. पेटीचा कोपरा पात्यात धरला आणि दाबला. कडकन आवाज झाला. दुसरा कोपरा, मग तिसरा. पेनी तळहातावर पडली. मी पटकन कडेने धरली. गार होती, जड होती, आणि बोटांना तोच वास, तुमच्या खिशाचा.

मग रीतसर केलं. सुपारीवर अक्षता वाहिल्या, तिला जरा हलवली, नमस्कार केला आणि वाटीत काढून ठेवली. तांदूळ झटकले. पेनी एकोणीसच्या घरात ठेवली तर ती अशी बसली, अण्णा, की सुताराने तिलाच समोर ठेवून घर पाडलं असावं. सूनबाईने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. भावाचा फोन आला. "अण्णांचा ट्रे पुरा केलास," म्हणाला. मी हो म्हटलं.

हे म्हणाले, "आपटा गावाला जाऊ एखाद्या रविवारी, सुपारी नदीत सोडून येऊ." मी म्हटलं, ऊन फार आहे. पुढच्या रविवारी म्हटलं, गुडघा दुखतोय. सुपारी देव्हाऱ्यातल्या वाटीतच होती. रोज पूजेला बसले की आधी तिच्यावर नजर जायची. आणि दुपारी ट्रे उघडला की चुकल्यासारखं व्हायचं. सगळी घरं भरलेली, एकसारखी, दुकानातल्यासारखी. नजर पहिल्या पेनीपासून शेवटच्या पेनीपर्यंत सरळ निघून जायची, मध्ये कुठे अडायचीच नाही. पूर्वी ती एकोणीसला अडायची आणि तुम्ही हसायला लागायचात. खोकला लागेपर्यंत.

परवा घरात कुणी नव्हतं. मी पेनी बाहेर काढली, चिमूटभर तांदूळ घातले आणि सुपारी तिच्या जागी परत बसवली. भावाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. तुम्ही म्हणाला होतात ही काही अर्धं ठेवायची नाही, तर तेवढं ठेवलंय.

पेनी देव्हाऱ्यात आहे, अन्नपूर्णेच्या शेजारी, त्रिशूळाची बाजू वर करून. आज सकाळी सगळ्या देवांना गंध-फुलं वाहून झाली आणि तिचं कपाळ तेवढं कोरडं दिसलं. आई पाठीशी उभी असल्यासारखं वाटलं. मी हळदकुंकू लावलं, अण्णा. ओलं. पुसलेलं नाही.