खोट्या खिडकीआडचा मास्तर

३ ऑक्टोबर १८२६
आजपासून या धर्मादाय घराचा कारभारी मी, एनॉक टर्विल. पोरवयात विटा वाहिल्या, पुढे विटाच विकल्या, त्यामुळे इमारत दिसली की हात आपोआप भिंतीवर जातो. शंभर वर्षांपूर्वीचं लाल विटांचं काम. सांध्यात सुरीचं पातं शिरणार नाही. मधोमध शाळा, दोन्ही अंगांना निराधार म्हाताऱ्यांच्या खोल्या. शाळेच्या डावीकडची खिडकी मात्र खोटी. विटांवरच चौकट नि काचा रंगवल्यात, आतून सपाट भिंत. डावं-उजवं जुळावं म्हणून केलेली ही लबाडी मला आवडली. शाळेत माझी लेटिस शिकवणार. तिच्या आईमागे मला तेवढीच एक.

६ ऑक्टोबर
दिवेलागणीला म्हाताऱ्या विणकाम घेऊन त्या भिंतीपुढे बसतात आणि आळीपाळीनं नावं सांगतात. स्वतःची नव्हे, चर्चच्या आवारात पुरलेल्या पोरांची. त्यांतल्या सर्वांत थोरल्या मिसेस गॅमन म्हणाल्या की पहिल्या मास्तरांची सगळी पोरं देवीच्या साथीत गेली, तरी ते रिकाम्या बाकांना धडा विचारत राहिले. अजून विचारतात, या भिंतीआडून. ओळखीची नावं ऐकली की गप्प होतात. मी म्हणालो, बाई, माझ्याइतके तिखट कान गावात नाहीत, मला कसं काही ऐकू येत नाही? तर म्हणतात, तुम्ही कधी बाकावर बसलाय, मिस्टर टर्विल, तुम्हाला विचारायला? सगळ्या खिदळल्या. मीही.

९ ऑक्टोबर
तो प्रकार बंद केला. विश्वस्त भेटीला यायचेत, त्यांच्यापुढे हे शोभत नाही. म्हाताऱ्या विणकाम गुंडाळून उठल्या. गॅमनबाई एवढंच म्हणाल्या, मग पोरीला तरी सांगून ठेवा, कुणी विचारलं तर नाव सांगू नको म्हणावं. मी सांगितलं नाही. उगाच घाबरायची.

१० ऑक्टोबर
सकाळी पाट्या पुसताना लेटिसला मागून कुणीतरी विचारलं, तुझं नाव काय? चर्चमध्ये पोरांकडून घोकून घेतात त्या प्रश्नोत्तरांतला हा पहिलाच प्रश्न. इथल्या प्रत्येक पोराच्या अंगात मुरलेला. उत्तर आपसूक तोंडातून गेलं. वळून पाहिलं तर भिंत. हसत सांगत होती. हात बर्फासारखे.

१२ ऑक्टोबर
भिंतीकडे तोंड करून बसते. जेवत नाही. पुढची प्रश्नोत्तरं म्हणते, लहान मुलीच्या आवाजात. मला मिस्टर म्हणाली.
बाहेर जाऊन खिडकी पाहिली. रंगच तो. पण काल त्या रंगवलेल्या काचेआड पोरीची वेणी नव्हती.

१३ ऑक्टोबर
म्हाताऱ्यांना विनवलं. सगळी नावं घेतली बिचाऱ्यांनी. व्यर्थ. गॅमनबाई म्हणाल्या, जिवंत पोर मिळाल्यावर मेलेल्यांना कोण पुसतो. तिच्या जागी दुसरं कुणी बसलं तर— त्यांनी बाकाकडे पाहिलं.

दुपार
बाकावर बसलोय, तिच्या शेजारी. गुडघे मावत नाहीत. छपन्नाव्या वर्षी शाळा—

ऐकू येतंय. कोरडा आवाज. विटांतून. तिलाच विचारतोय.

मी हात वर केला.

आवाज थांबला.

लेटिस रडली. बाबा म्हणाली, स्वतःच्या आवाजात. म्हाताऱ्यांनी उचलली— दारातून—

आता मला. तुझं नाव काय.

लिहीत राहतो. फाटकाबाहेर जाऊ दे तिला. कडी वाजली की—

पुन्हा. जवळून.

कडी वाजली.

एनॉक. एनॉक ट—