पांढऱ्या गाडीचा बंदोबस्त

सोमवार, ३ नोव्हेंबर
सूड घ्यायचा ठरला. आजपासून सगळं लिहून ठेवणार. वही कपाटात, स्वेटरखाली.

गुन्हा असा. आमच्या भागात इलेक्ट्रिक गाड्यांचा फास्ट चार्जर एकच, औषधांच्या दुकानाशेजारी. त्याला गाडीत खुपसायच्या गन दोन. पैकी एक बसवल्या दिवसापासून बंद. दुसरीला सकाळपासून पांढरी गाडी. मालक समोरचा चष्मेवाला. गाडी लावतो, दुकानात जाऊन बसतो. गाडी पोटभर जेवून झाली तरी पाटावरून उठत नाही. आज पन्नास मिनिटं थांबलो. हॉर्न दाबून धरला. औषधवाला बाहेर आला आणि माझ्यावरच ओरडला.

पांढरीच्या काचेवर बारीक अक्षरांत एक चिठ्ठी आहे. चष्म्यांची जाहिरात असणार. वाचली नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
बायको म्हणाली, दुसरीकडे चार्ज करा. दुसरीकडे म्हणजे कुठे? एक चार्जर मॉलच्या तिसऱ्या तळघरात. तिथे रेंज नाही, आणि रेंजशिवाय ॲप उघडत नाही. एक हॉस्पिटलच्या आवारात. तिथला वॉचमन आधी पेशंटचं नाव विचारतो. तिसरा हायवेवर, गावाच्या पार बाहेर. आमच्या पार्किंगमध्ये साधा प्लग हवा, हा अर्ज सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आठ महिने पडून आहे. त्याचाही समाचार घ्यायचाय. पण क्रमाने.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
लेकीचा फोन. रविवारी १६ तारखेला, सकाळी ७.२० ला विमान उतरतं. दोन वर्षांनी येतेय. म्हणाली, बाबा, या वेळी तरी न्यायला तुम्हीच या. ते 'या वेळी तरी' लागलं. मागच्या दोन्ही वेळा मी एअरपोर्टवर पोचलो तेव्हा ती टॅक्सीने घरी येऊन झोपलीसुद्धा होती. पहिल्यांदा चूक ट्रॅफिकची, दुसऱ्यांदा घड्याळाची. सांगितलं, नव्या गाडीतून आणतो, एक मिनिटही उशीर होणार नाही. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. पंख्यामुळे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
चार्जरच्या कंपनीला फोन. चष्मेवाल्याची तक्रार सांगितली. तिथली बाई म्हणाली, माणसांची तक्रार घेता येत नाही, फक्त मशीनची घेता येते. मग मशीनची केली. ठिणग्या उडतात म्हणालो. शॉक बसला म्हणालो. आवाज थोडा कापरा काढला. मशीन बंद पडलं की पांढरी उपाशी! बायकोने विचारलं, आणि आपली गाडी? तिला डावपेच कळत नाहीत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
कंपनीचं कोणी फिरकलं नाही. नालायक लोक. आता मीच काय ते बघतो.

बेत: शनिवारी सकाळी आठला, चष्मेवाला उगवायच्या आत, गन आपल्या गाडीला. दिवसभर काढायची नाही. तो येईल, थांबेल, तडफडेल. मी समोर बाकावर शेंगदाणे खात बघत बसणार. रविवारी बॅटरी फुल, आणि थेट एअरपोर्ट.

अडचण एकच. बॅटरी ७१ टक्के आहे. एवढी भरलेली गाडी लावली तर लोक म्हणतील, हा मुद्दाम अडवून बसलाय. माझी बाजू न्यायाची दिसली पाहिजे. तेव्हा बॅटरी उतरवणे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
एसी फुल, हेडलाइट चालू, रोज संध्याकाळी बायकोला घेऊन लांब चक्कर. ती शाल पांघरून बसते. तिला वाटतंय मी रसिक झालो. वाटू दे. ३० टक्के.

पेपर हात लांब करून वाचत होतो तर म्हणाली, तुमचा नंबर वाढलाय, तो समोरचा चष्मेवाला चांगला तपासतो. जीव गेला तरी त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
६ टक्के. शेंगदाणे आणले.

शनिवार, १५ नोव्हेंबर
८.०५. चार्जरला पिवळी पट्टी गुंडाळलेली. मेकॅनिक मशीन उघडून बसलाय. म्हणाला, एका ग्राहकाला शॉक बसलाय, सोमवारपर्यंत बंद. मी म्हणालो, असं काही झालं नसेल हो. तो म्हणाला, काका, माणूस फोनवर रडत होता.

८.४०. पांढरी आली, पट्टी बघून निघून गेली. जाताना चष्मेवाल्याने मला हात केला. निर्लज्ज.

११.३०. मॉल. रेंज नाही. ४ टक्के.

१.१५. हॉस्पिटल. पेशंटचं नाव विचारलं. माझंच सांगितलं. व्हीलचेअर आणली. पळालो. २ टक्के.

२.००. पुलाखाली. गाडी बंद.

संध्याकाळी ६. टोइंगवाला म्हणाला, पहाटे पाचला नक्की उचलतो. हायवेच्या चार्जरवर पावणेसहा, अर्धा तास चार्ज, सातला एअरपोर्ट. चोख हिशोब. बायको म्हणाली, सरळ टॅक्सी सांगा. पण नव्या गाडीतून आणतो असा शब्द दिलाय मी. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. बहिणीशी बोलत असेल.

रविवार, १६ नोव्हेंबर
६.५०. पुलाखाली. टोइंगवाला फोन उचलत नाही.

७.२०. विमान उतरलं असेल. शेंगदाणे संपले.

९.३०. घरी. सोफ्यावर लेक. शेजारी चष्मेवाला, चहा पितोय. माझ्या कपातून.

लेक धावत येऊन गळ्यात पडली. मग तिने सांगितलं, काका सातलाच येऊन उभे होते, हातात माझ्या नावाची पाटी घेऊन. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, त्यांचा नंबर गाडीच्या काचेवरच आहे की, चिठ्ठीत. 'चार्जर हवा असेल तर फोन करा, दोन मिनिटांत गाडी काढतो.' मी पहिल्याच दिवशी वाचली, असंही म्हणाली.

चष्मेवाला फार अदबीने म्हणाला, उद्या दुकानात या, डोळे तपासून देतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर
१०.४५. चार्जर सुरू. गाडी लावली. काचेवर चिठ्ठी, लेकीने लिहिलेली, माझ्या नंबरसकट, ठळक अक्षरांत. चष्मेवाल्याच्या खुर्चीत बसलोय. तो भिंगं काढतोय, तोवर लिहितो. समोरच्या तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी वाचता आल्या नाहीत. चौथी अंदाजाने सांगितली. चुकली.

११.२०. फोन आला, गाडी काढा. दोन मिनिटांत येतो म्हणालो. पण चष्मेवाल्याने नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवलीय आणि म्हणतोय, हलू नका.

११.४०. बाहेर कोणीतरी हॉर्न दाबून धरलाय. औषधवाला बाहेर आलाय. या वेळी तरी त्या हॉर्नवाल्यावर ओरडेल असं वाटलं होतं. माझ्याच नावाने ओरडतोय.