उसवलेले शर्ट

प्रिय ताई,

दूध गॅसवर होतं, इस्त्री तापत होती आणि नळाखालची बादली भरून वाहायला लागली होती. मी तिन्हीकडे धावत होते. हे मात्र बनियनवर दाराशी उभे राहून कालचाच पेपर पुन्हा वाचत होते, शर्टाची वाट बघत. मी आधी नळ बंद केला, मग दूध उतरवलं, मग कॉलरवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. उजव्या कफाजवळचा वंगणाचा डाग काही गेला नव्हता. "राहू दे गं," म्हणाले, "डाग नसला तर लोकांना वाटेल, लिफ्ट दुरुस्त करायला साहेबच आला." मग बटणं लावायला लागले, नेहमीसारखी खालून वर. वरून सुरुवात केली की शेवटी एक बटण उरतंच, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि शिवाय, लिफ्टवाला माणूस खालूनच वर जाणार. मी डबा हातात दिला, पिशवीत पाण्याची बाटली कोंबली आणि जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकला.

त्या सकाळी काहीही झालं नाही. ते संध्याकाळी धडधाकट परत आले. हे तुला एवढ्यासाठी सांगतेय की हे गेल्यावर भेटायला आलेल्या एकाही माणसाने मला असल्या सकाळबद्दल विचारलं नाही. सगळ्यांना शेवटचा दिवस हवा होता. कधी दुखायला लागलं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी काही बोलले का. चहा पिता पिता ऐकायचे, मान हलवायचे आणि कप खाली ठेवता ठेवता सल्ला द्यायचे. ह्या सल्ल्यांचा मला मनापासून तिटकारा आला ताई. "मन रमव." मन म्हणजे काय रडकं मूल आहे, खुळखुळा वाजवला की गप्प होईल? कुणी म्हणे सहलीला जा, कुणी म्हणे मांजर पाळ. तू म्हणालीस, "काहीतरी शिवायला शीक, पिशव्या वगैरे. बोटं चालली की डोकं थांबतं." मी सगळा जन्म छापखान्याच्या बांधणीत घालवला. दिवसभर पानांना दोरा घालते. बोटं चालली की डोकं थांबतं हे ज्याने शोधून काढलं त्याने कधी आठ तास एकच काम केलेलं नाही एवढं नक्की.

आणि तरी मी शिवायला शिकले. ते तुझ्या सांगण्यावरून नव्हे. कोपऱ्यावरच्या शिंप्यामुळे. ह्यांचा निळा शर्ट घेऊन गेले होते त्याच्याकडे. म्हटलं, माझ्या अंगाला बसेल असा बारीक करून द्या, घरात घालीन. त्याने शर्ट उजेडात धरला, कॉलरीतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "वहिनी, ह्यात काय राहिलंय आता? विरलाय पार. पण सुती आहे हां, लादी पुसायला झकास." वर हसला. ह्याच माणसाने तो शर्ट शिवला होता, वर्षानुवर्षं ह्यांच्याशी गप्पा मारत मापं घेतली होती. मी शर्ट त्याच्या हातातून काढून घेतला आणि बाहेर आले. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही. एवढं साधं काम, त्यासाठी असल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं? त्याच आठवड्यात समोरची नर्सबाई घर बदलून चालली होती, तिचं पायाचं शिलाई मशीन मी घेतलं.

शिकवायला कुणी नव्हतं. तुला माहीत आहे, मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. जे वाचायला शिकले ते बांधणीच्या टेबलावर. आमच्याकडे मोठ्या कागदावर सोळा सोळा पानं छापून येतात, त्याला फर्मा म्हणतात. तो दुमडून क्रमाने लावला की पुस्तक होतं. शाई फुटलेले, वाकडे छापलेले फर्मे मी घरी आणते. अशा फर्म्यांवर किती कादंबऱ्या वाचल्या, कधी सुरुवातीशिवाय, कधी शेवटाशिवाय. तर त्यांत शिवणकामाच्या एका पुस्तकाचे फर्मेही होते. त्यातला माप घेण्याचा फर्मा नव्हता. कॉलर, बाही, कफ मला पाठ होतं, पण छाती मोजायची कुठून ते ठाऊक नव्हतं. पहिला झगा शिवला त्यात मी फक्त शिरू शकत होते, बसू शकत नव्हते. दुसऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. तो अंगात घालून मी आरशासमोर उभी राहिले तर उजवा हात असा पुढे आलेला, जणू भाषणाला उभी आहे. त्या दिवशी घरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. बघायला कोणी नव्हतं ते बरंच झालं, नाहीतर "बघा, मन रमलं" म्हणून मोकळे झाले असते.

जुन्या चादरी संपेपर्यंत मी चुका केल्या. तिसऱ्या झग्यात बसता आलं. मग ह्यांचे शर्ट काढले. शर्ट बारीक करायचा तर नुसत्या बाजूच्या शिवणी आत घेऊन भागत नाही. खांदा उतरतो, बाही लोंबते. तो पूर्ण उसवावा लागतो. उसवणं मला येत होतं, ते बांधणीतलंच काम, चुकलेली शिलाई एकेक टाका उचलून काढायची. म्हणून मी एकेक करून सगळेच शर्ट उसवले. कात्री लावली नाही, फक्त टाके काढले. पाठ, पुढचे दोन भाग, खांद्याची पट्टी, बाह्या, कॉलर, कफ. प्रत्येक तुकड्यावर इस्त्री फिरवली आणि एकेका शर्टाचं वेगळं गाठोडं करून वर नाडी बांधली. हात पक्का बसला की एकेक शिवायला घेणार होते. घाई कसली होती? मशीनशेजारी ती गाठोडी दिसली की मला पुढचं काम दिसायचं. ताई, मला ते महिने सुखाचे वाटले असं मी म्हणणार नाही. पण सकाळी उठायला कारण होतं.

मग तू राहायला आलीस. मी कामाला गेले असताना माझं घर आवरलंस. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेस, माझे फर्मे रद्दीत घातलेस, खिडकीला नवीन पडदा लावलास. आणि गाठोडी घेऊन गेलीस. संध्याकाळी येऊन बघते तर मशीनशेजारी मोकळी फरशी, आणि तीही पुसलेली. तुला फोन केला तर तू गाडीतच होतीस, खुशीत. "अगं, त्या चिंध्या ना? माझ्या शिवणाच्या वर्गाला नेतेय! बाया खूश होतील. कशाला जपून ठेवतेस गं असलं सगळं?" मागून भाऊजी ओरडले, "तिला सांग, डिकीत जागाच राहिली नाही!" मी फोन ठेवला. त्यानंतर मी तुझा फोन का उचलत नाही हे तुला आजपर्यंत कळलेलं नाही. तू शेजारणीपाशी म्हणालीस म्हणे, "दुःखाने चिडचिडी झालीये बिचारी." मी बिचारी नाही. त्या चिंध्या नव्हत्या. ते ह्यांचे शर्ट होते, सगळेच्या सगळे. हे मी तुला त्याच दिवशी का सांगितलं नाही? त्या दिवशी संतापाच्या भरात, आणि नंतर मला वाटलं, आता त्यांना कात्री लागलीच असणार. कापलेलं कापड सांगून जुळत नाही. आणि तू "अगं, सोड आता" म्हणाली असतीस. ते ऐकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

तुझ्या त्या वर्गाबद्दल माझं मत तुला ठाऊक असेलच, नसेल तर ऐक. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीस तरी तुला समोर वर्ग लागतो. गणित शिकवून झालं, आता सुई. स्वतः फोनवर बघून शिकलेली बाई दुसऱ्यांना फोनवर बघून शिकवते. ज्यांच्या कपाटांत कपडे मावत नाहीत अशा बाया शनिवारी जमतात, टाकाऊपासून टिकाऊ म्हणत फोटो काढतात आणि येताना प्लॅस्टिकच्या पिशवीतून सामोसे आणतात. मला पाठवलेल्या एकाही फोटोकडे मी पाहिलं नाही. व्हिडिओ आले, तेही उघडले नाहीत.

आणि ह्या रविवारी तुझं पार्सल आलं. वर चिठ्ठी, तुझ्या वळणदार अक्षरात: "धाकटीसाठी, आमच्या वर्गातली सर्वांत सुंदर पिशवी. आता राग सोड." मी कागद फाडला आणि बंदाला धरून पिशवी बाहेर काढली. बंद चांगला जाडजूड होता, दोरखंडासारखा. त्याच्या टोकाशी फिकट तपकिरी डाग दिसला. वंगणाचा. ताई, मी बंद म्हणून धरली ती ह्यांची बाही होती. 

मग मी खाली बसले आणि पिशवी नीट पाहिली. इतकी भयंकर शिवण मी बांधणीत नवख्या पोरींचीसुद्धा पाहिलेली नाही. टाके एवढाले, की मधून बोट जावं. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला पुढचे दोन भाग बटणं लावून जोडलेले, वर कॉलर झाकणासारखी, कफांचा खिसा. कोपरे आतून टेंगळासारखे फुगलेले. मला तुझी, तुझ्या वर्गाची, त्या पिशवी शिवणाऱ्या बाईची किळस आली. म्हटलं, निदान हे ध्यान तरी घरात नको. उसवायला घेतली. एक टाका ओढला तर अख्खी ओळ सरसर निघून आली. टेंगूळ उलगडलं आणि त्यातून पाठीची बगलेकडची गोलाई बाहेर आली, जशीच्या तशी. दुसरं उलगडलं, तिथेही. बंद सोडला तर त्यात दोन्ही बाह्या पूर्ण, उभ्या दुमडून दुमडून गुंडाळलेल्या. कुणीही काहीही कापलं नव्हतं. मी सगळे तुकडे जमिनीवर मांडले. एक तुकडाही कमी नव्हता. तेव्हा मी तुझा व्हिडिओ उघडला. त्यात तू टेबलाशी उभी, चष्मा नाकावर, आणि प्रत्येक बाईपुढे माझं एकेक गाठोडं. तू म्हणतेस, "कात्रीला हात लावायचा नाही हां कुणी! कापलं की संपलं. जास्तीचं आत दुमडा, दुमडा!" जगात शिवण शिकवणारी तू एकटीच असशील जिला कापायची भीती वाटते. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

म्हणून हे पत्र. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि माझं मत वर लिहिलंय तेच आहे. पण मला तुझी गरज आहे. त्या बायांची घरं तुला माहीत आहेत, मला नाहीत. प्रत्येकीला फोन करून पिशवी परत माग, आजच. सांग, पिशवी धुवायची नाही, आणि आतले फुगवटे कापून कुणीही ती नीटनेटकी करायची नाही. माझी बहीण चक्रम आहे असं सांगितलंस तरी चालेल. प्रत्येकीच्या पिशवीबदली मी दुसरी देईन, अस्तराची, आत कप्पा असलेली, भाजीचं ओझं घेतलं तरी न फाटणारी. एखादी नाही म्हणाली तर मला तिचा पत्ता दे, मी स्वतः जाऊन मागेन. मागायला मला आवडत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पिशवी उसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावरून येताना जाड कापड घेतलं, घरी येऊन मापाप्रमाणे कापलं, आणि बदल्यात द्यायची पहिली पिशवी शिवली.

तुझीच,
धाकटी