उभ्या ठेवलेल्या बाटल्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाकूडकाम (अलीकडे फक्त मोडक्या खुर्च्यांचे पाय), असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारी होती ती चार वर्षांपूर्वी गेली. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात लिहिले होते.

कलम १. हत्यारे. रंधे, पटाश्या, करवती सगळे माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. ती माझ्या भुशात खेळत मोठी झाली आणि आमच्या घरात सरळ हात तिचाच आहे. शेजारच्या शिंप्याने सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र मी विसरलो नव्हतो, हे त्याला जरूर कळवावे.

कलम २. बूच ठोकायचे यंत्र, दोन पिंपे, नळ्या व रिकाम्या बाटल्या. हे सामान माझ्या एकट्याचे नाही. घरामागच्या वेलाच्या द्राक्षांची वाइन मी आणि धाकटा मिळून करायचो. बाटल्या धुणे त्याच्याकडे, बुचे माझ्याकडे. पुतणीचे लग्न ठरणार असे दिसू लागले तेव्हा आम्ही चाळीस बाटल्या भरायला घेतल्या, आणि बुचांवरून वाजले.

तो म्हणाला, "दादा, या खेपेला प्लॅस्टिकची बुचं घेऊ. भुगा पडत नाही, बाटली उभी ठेव नाहीतर आडवी, काही बिघडत नाही."

मी म्हणालो, "जन्मभर लाकडावर पोट भरलं आणि आता प्लॅस्टिक ठोकू? झाडाच्या सालीचं बूच तेच खरं बूच."

थोरल्याचा मान ठेवून त्याने ऐकले. सालीची बुचे सदतीस बाटल्यांना पुरली. उरलेल्या तीन बाटल्यांना नाइलाजाने त्याने आणलेली प्लॅस्टिकची लावली.

कलम ३. स्वयंपाकघरातली मांडणी. ही कोणाला देऊ नये, तोडून जाळावी. या बाटल्यांसाठी मी ती मुद्दाम केली, एकही खिळा न ठोकता. पण देखणी दिसावी म्हणून खोली वीतभरच ठेवली आणि बाटल्या आडव्या मावेनात. धाकट्याने विचारले, "सालीच्या बुचाची बाटली आडवी लागते ना? बूच ओलं राहायला हवं."

"मांडणी मी केलीय," मी म्हणालो. "तू बाटल्या धू."

चौदा महिने त्या चुलीमागच्या ऊबदार भिंतीला उभ्या राहिल्या. बुचे सुकून आकसली आणि आत हवा गेली. लग्नाच्या जेवणात पहिल्याच घोटाला व्याह्यांचे तोंड वाकडे झाले. नुसते व्हिनेगर. दुसरी उघडली, तीही तशीच. तेव्हा मी सगळ्या पाहुण्यांदेखत धाकट्याला म्हणालो, "बाटल्या नीट धुतल्या नाहीस. पोटच्या पोरीच्या लग्नातसुद्धा कामचुकारपणा!" पंधरा दिवसांत आमचे घर सोडून तो बस डेपोजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेला.

कलम ४. हे कलम देण्याघेण्याचे नाही. प्लॅस्टिकच्या बुचांच्या तीन बाटल्या मांडणीवरच राहून गेल्या होत्या. लग्नानंतर तीन आठवड्यांनी बायकोने त्यांतली एक उघडली. वाइन उत्तम होती. त्याच दिवशी, त्याच हातांनी धुतलेली बाटली, त्याच भिंतीला उभी. काय झाले ते आम्हा दोघांनाही कळले. ती म्हणाली, "आत्ता उठा आणि भाऊजींना सांगून या."

मी म्हणालो, उद्या जातो. त्याला नऊ वर्षे झाली. मला लाज वाटते, आणि ती लिहून कमी होत नाही.

माझ्यामागे कोणी वाइन केलीच, तर वर्ष-दोन वर्षांत प्यायची असल्यास खुशाल प्लॅस्टिकचे बूच लावावे. पुष्कळ वर्षे ठेवायची असल्यास सालीचे लावावे, पण बाटली आडवी ठेवावी. आणि ज्याला कळते त्याचे ऐकावे, मग तो वयाने धाकटा का असेना.

कलम ५. राहते घर, परसातल्या वेलासह, धाकट्या भावाला.

पुरवणी. मी गेल्यावर हे धाकट्याला वाचून दाखवावे, असे मी आधी लिहिले होते. वकील म्हणाले, "मेल्यावर माफी मागायला काय जातंय हो?" म्हणून आज त्याला बोलावले आणि वकिलांसमोर मीच वाचले.

तो म्हणाला, "दादा, बाटल्या मी तीन-तीनदा धुतल्या होत्या."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं. मला नव्हतं. नऊ वर्षं मला वाटत राहिलं, घाईत काही राहिल्या असतील धुवायच्या. पोरीचं लग्न मीच नासवलं."

त्याने साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितले. वकिलांनी अडवले, साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, सही केलीत तर घर जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे. घर पोरीच्या नावावर करा. मला सही करायचीय."

त्याप्रमाणे कलम ५ मध्ये धाकट्या भावाऐवजी पुतणी असे वाचावे. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.

स्थळ : राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : अकरा मार्च, मंगळवार

सही : थोरला भाऊ

साक्षीदार एक : वकिलांचा कारकून

साक्षीदार दोन : धाकटा भाऊ. वरील सही माझ्यासमोर झाली. बाटल्या स्वच्छ होत्या.