कोणालाही चालेल असा रंग

हुडकेश्वर, नागपूर

प्रिय मधू,

वरच्या खोलीच्या भिंतीवर तू सांगितलेल्या दोन्ही रंगांचे पट्टे अजून शेजारी शेजारी आहेत. एक बदामी, दुसरा सायीसारखा. दुकानातल्या कार्डावर मला दोन्ही सारखेच वाटले होते. भिंतीवर चढल्यावर कळलं, बदामी सकाळच्या उन्हात छान उजळतो, पण संध्याकाळी मातकट होतो. सायीचा दिवसभर फिका, मात्र दिवा लागला की खोलीला ऊब येते. तू फोनवर म्हणाला होतास, "दादा, मी आता नागपूरलाच येतो. खोली रंगवून ठेव. रंग असा घे, कोणालाही चालेल." मला वाटलं, पुण्यात राहून पोरगा किती समजूतदार झाला.

आईचे गुडघे तुला माहीत आहेत. तरी देवापुढचं निरांजन घेऊन ती जिना चढली, दोन्ही पट्ट्यांसमोर धरून पाहिलं आणि म्हणाली, "हा सायीचाच घे गा. मधू कामावरून येईन तवा दिवेलागणच झाली राहीन." ती पडू नये म्हणून मी मागे उभा होतो.

गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं, सोबत आणखी एक माणूस. त्यांनी तुझं नाव सांगताच आई हरखली. "मधूचे सोबती का गा तुमी? चाय घेऊनच जा." मी त्यांना वर नेऊन कौतुकानं पट्टे दाखवले. खाली उतरताना बाईंनी विचारलं, हे देवघर काढता येईल ना? मी हसलो. वाटलं, चुकून आपल्याकडे आल्या. तेव्हा सोबतचा तो माणूस, दलाल होता तो, हळूच म्हणाला, "भाऊ, मधुसूदनजींनी घर विकाले काढलं, तुमाले नाही सांगितलं?" रंग घर विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी हवा होता, मधू. तू यायचाच नव्हतास.

आई आतून कपबशा आणत होती. तिनं ऐकलं नाही.

बाबांनी घर आपल्या दोघा भावांच्या नावानं ठेवलं. आई आहे तोवर मी सही करणार नाही. फोनवर तू दादा म्हटलंस की मी विरघळतो, म्हणून लिहितो आहे. रंगाचं काम मी थांबवलं. ती रोज विचारते, "पेंटर काहून येऊन नाही राहिला?" मी सांगतो, त्याच्या घरी लग्न आहे. सकाळी ज्या तोंडानं देवाचं नाव घेतो, त्याच तोंडानं तुझ्यासाठी खोटं बोलतो. आता ते होत नाही. तू ये, तिच्यासमोर बस, आणि तूच सांग.

अजूनही तुझाच,
गिरिधरदादा